जुन्या छताची नक्षी वाचवायचीय? या चुका टाळा

पाऊस उघडला की ठरलेला फोन येतो. "छताचं फूल सुटायला लागलंय, जरा सिमेंट मारून देता का?" नाही देत.

कोल्हापूरचा न्यू पॅलेस १८८४ मध्ये पुरा झाला. पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघालं ते १९१४ मध्ये. त्या पिढीच्या छतांना चुनाच सोसतो. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट ती अडवून धरतं, मग शेजारचा चांगला चुना भुसभुशीत होतो.

मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात छताला गिलाव्याचं दोन हात रुंदीचं फूल होतं. भेग दिसली म्हणून गणपतीआधी गवंड्यानं ती सिमेंटनं बुजवली. मलाही बोलावलं होतं. खालून ठोकून बघितलं, आवाज जरा पोकळ आला, तरी "बघू दिवाळीनंतर" म्हणून चहा पिऊन आलो. माळ्यावर चढलोच नाही. पुढच्या आषाढात कौलं गळली आणि ठिगळासकट अर्धं फूल जेवणाच्या पाटांवर आलं. नशीब, पंगत उठली होती.

नंतर वर जाऊन बघितलं तर सगळा उलगडा. असा गिलावा लाकडी पट्ट्यांच्या फटींतून वर दाबतात, तिथं तो फुगून आकड्यासारखा अडकतो. ते आकडेच मोडले होते. खालची भेग बुजवून काय होणार? तेव्हापासून माझा नेम: आधी कौलांची शाकारणी, मग माळा, शेवटी शिडी. सुटलेल्या भागाखाली फळीवर स्पंज ठेवून टेकू द्यायचा, वरची धूळ मऊ ब्रशनं काढायची आणि रुंद वायसर घालून स्टेनलेसच्या स्क्रूनं गिलावा पट्टीला धरायचा. साधा खिळा गंजतो, फुगतो, नवी भेग पाडतो.

पीओपीची घाई नको. गळत्या छताखाली ते टिकत नाही. ऑइलपेंट तर नकोच, दोन हातांत पाकळ्यांच्या कडा बुजतात. ओलं छत हॅलोजन लावून वाळवणाऱ्यांना मी हात जोडतो. चुन्याचा थर पाच-सहा मिलीमीटरचा, आणि दुसऱ्या थराला थांबायचं. "उद्या वास्तुशांत आहे" हे कारण चुन्याला कळत नाही.

पडलेले तुकडे टाकू नका, पेन्सिलीनं नंबर घालून खोक्यात ठेवा. त्या वाड्यातले कचऱ्याच्या गाडीत गेले होते. कोपऱ्यात दोन पाकळ्या सापडल्या, त्यांचा साचा काढला. आज त्या फुलाच्या बारापैकी सात पाकळ्या त्या साच्यातल्या आहेत. ओळखून दाखवा.