दोन देशांकडून खेळू शकणारा मिडफिल्डर: निर्णय कधी, कसा आणि कुठल्या कागदांवर

८ सप्टेंबर २०१४. युरो पात्रता फेरी, स्पेन विरुद्ध मॅसेडोनिया, सामना व्हॅलेन्सियात. ७७व्या मिनिटाला कोके बाहेर आला आणि एकोणीस वर्षांचा मुनीर अल हद्दादी आत गेला. स्पेनने सामना ५-१ असा जिंकला, मुनीर तेराएक मिनिटं खेळला आणि त्यानंतर स्पेनच्या वरिष्ठ संघात त्याला पुन्हा कधी संधी मिळाली नाही. २०१८च्या वर्ल्ड कपसाठी मोरोक्कोला, म्हणजे त्याच्या वडिलांच्या देशाला, तो हवा होता. पण त्या तेरा मिनिटांवर बोट ठेवून फिफाने नकार दिला आणि क्रीडा लवादानेही तो कायम ठेवला. नियम बदलल्यावर, २०२१ मध्ये तो अखेर मोरोक्कोकडून खेळला. मधली साडेसहा वर्षं वरिष्ठ स्तरावर कुठलाच देश नाही.

मुनीर आघाडीचा खेळाडू. मिडफिल्डरला हा धोका जास्त. सामना हातात आला की प्रशिक्षक अनेकदा मधल्या फळीत बदल करतो, आणि आता पाच बदली खेळाडू चालतात, त्यामुळे शेवटची दहा मिनिटं कुणालाही मिळू शकतात. म्हणून दोन देशांची पात्रता असलेल्या मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी सगळ्यात आधी समजून घ्यायचं ते हे, की कुठल्या सामन्याने दार बंद होतं आणि कुठल्याने नाही.

वरिष्ठ संघाचा मैत्रीपूर्ण सामना एकट्याने बांधून ठेवत नाही. बांधतो तो अधिकृत स्पर्धेतला सामना: वर्ल्ड कप किंवा युरोची पात्रता फेरी, नेशन्स लीग (राष्ट्रीय संघांची गटवार साखळी स्पर्धा), आफ्रिका कप आणि अशाच इतर स्पर्धा. नेशन्स लीगला अनेक जण मैत्रीपूर्ण सामन्यांचं नवं नाव समजतात आणि तिथेच फसतात. सप्टेंबर २०२० पासून वरिष्ठ स्तरावर अधिकृत सामना खेळलेल्यालाही एक वाट मोकळी झाली, पण अटी सगळ्या एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. पहिला अधिकृत सामना खेळताना दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आधीच हातात असायला हवं. पहिल्या देशाच्या वरिष्ठ संघाकडून खेळलेले सामने एकूण तीनपेक्षा जास्त नकोत, आणि त्या देशाकडून शेवटचा अधिकृत सामना एकवीस वर्षं पूर्ण होण्याआधीचा हवा. शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटलेली हवीत. आणि वर्ल्ड कपच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत एक मिनिटही खेळलेलं नको. बारकावा असा, की तीनच्या मोजणीत मैत्रीपूर्ण सामनेही धरले जातात. दोन मैत्रीपूर्ण आणि दोन पात्रता फेरीचे म्हणजे चार झाले, वाट बंद.

कनिष्ठ वयोगटात नियम सैल आहेत. १७ किंवा १९ वर्षांखालील संघाकडून अधिकृत स्पर्धा खेळूनही पुढे देश बदलता येतो. त्या पहिल्या सामन्याच्या वेळी दुसरं नागरिकत्व असेल तर वयाची अट नाही. नसेल, तर पहिल्या देशाकडून शेवटचा सामना एकविशीच्या आत झालेला असावा लागतो. म्हणून दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढायचाच असेल तर कनिष्ठ संघाच्या पहिल्या अधिकृत सामन्याच्या आधी काढावा. ‘सीझन संपल्यावर बघू’ म्हणून अर्ज पुढे ढकलणं ही या सगळ्यातली सर्वांत महागडी आळशी सवय. बदल आयुष्यात एकदाच मागता येतो, आणि अर्ज दिल्यापासून निकाल लागेपर्यंत कुठल्याच देशाकडून खेळता येत नाही. त्यामुळे तो कधी टाकायचा हे राष्ट्रीय संघांच्या वेळापत्रकाकडे बघून ठरवायचं.

दार उघडं कसं ठेवायचं याचं चांगलं उदाहरण इंग्लंडचा मिडफिल्डर डेक्लन राइस. जन्म लंडनचा, आजी-आजोबा आयर्लंडच्या कॉर्कचे. कनिष्ठ संघांत तो आयर्लंडकडून खेळला, २०१८ मध्ये वरिष्ठ संघाकडून तीन मैत्रीपूर्ण सामनेही खेळला. सप्टेंबरमध्ये नेशन्स लीगचा सामना आला तेव्हा मात्र त्याने संघात यायचं टाळलं आणि विचाराला वेळ मागितला. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंग्लंड निवडलं, मार्चमध्ये पदार्पण. आयर्लंडमध्ये राग झाला, तो समजण्यासारखा होता. पण नियमाच्या दृष्टीने त्याने नेमकी तीच एक गोष्ट टाळली जी टाळायला हवी होती. अमेरिकेचा मिडफिल्डर युनुस मुसाहचं गणित याहून गुंतागुंतीचं: जन्म न्यूयॉर्कचा, आईवडील घानाचे, बालपण इटलीत, फुटबॉलचं शिक्षण लंडनच्या अकादमीत. चार देश. इंग्लंडच्या कनिष्ठ संघांतून खेळल्यावर तो नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेकडून मैत्रीपूर्ण सामना खेळला, संघ आतून पाहिला आणि चार महिन्यांनी निर्णय जाहीर केला. ही पद्धत आम्हाला सगळ्यांत शहाणपणाची वाटते: आधी मैत्रीपूर्ण सामन्याचा कॅम्प, मग निर्णय, मग अधिकृत सामना.

आता निवड कशाच्या आधारे करायची? मन कुठे आहे हे मुलाला बहुतेक वेळा माहीत असतं. माहीत नसतं ते रांगेत आपला नंबर कितवा. कागद घ्या आणि त्या देशाच्या गेल्या दीड-दोन वर्षांतल्या संघयाद्या काढा. वर्ल्ड कपला २६ खेळाडू नेता येतात, त्यांत मधल्या फळीचे साधारण सात-आठ. प्रत्येकाचं वय, क्लबमधली मिनिटं आणि मुख्य म्हणजे भूमिका लिहा: बचावाच्या पुढे उभा राहणारा सहा नंबर, दोन्ही गोलांसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये पळणारा आठ, की आघाडीच्या मागे खेळणारा दहा. मग प्रशिक्षकाची रचना बघा. ४-३-३ मध्ये (चार बचावाला, तीन मधे, तीन पुढे) सहा नंबरची जागा एकच असते. ४-२-३-१ मध्ये दोघं जोडीने खेळतात, तिथे शुद्ध सहा नंबरला चेंडू पुढे नेता यायला हवा. ३-४-२-१ मध्ये मध्यभागी दोघंच, त्यामुळे तुम्ही आठ असाल तर तुमची जागा कागदावरून गायबच होते. बत्तीस वर्षांच्या सहा नंबरच्या मागे उभं राहणं आणि तेवीस वर्षांच्या सहा नंबरच्या मागे उभं राहणं यांत एका संपूर्ण कारकिर्दीचा फरक आहे. ग्रानित आणि ताउलांत झाका हे सख्खे भाऊ, दोघेही बाझेलमध्ये जन्मलेले, दोघेही मिडफिल्डर. एक स्वित्झर्लंडकडे गेला, दुसरा अल्बानियाकडे, आणि युरो २०१६ मध्ये लेन्सला समोरासमोर आले. घर एकच असलं तरी उत्तर एकच निघेल असं नाही.

प्रशिक्षकाचा फोन आला की तीन प्रश्न विचारायला लाजू नये. मला कुठल्या जागी खेळवणार? वरिष्ठ संघात की २१ वर्षांखालील? आणि पहिला सामना मैत्रीपूर्ण की अधिकृत? तिसऱ्या प्रश्नावर उत्तर गोलमोल आलं तर समजून घ्यायचं. निकालावर परिणाम नसलेल्या पात्रता सामन्यात ८८व्या मिनिटाला उतरवून खेळाडू ‘पक्का’ करून घेणं ही राष्ट्रीय संघांची जुनीच चाल. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ती चूकही म्हणता येत नाही, पण तुमचा फायदा त्यात असेलच असं नाही.

कॅम्पमध्ये मिडफिल्डरवरच जास्त ताण पडतो. सामन्याआधी पूर्ण वेगाची दोन-तीन सत्रं मिळतात, त्यांत दाब कधी सुरू करायचा, कुठल्या बाजूला प्रतिस्पर्ध्याला ढकलायचं, कॉर्नरवर कुणाला धरायचं हे सगळं शिकायचं. क्लबमध्ये हे सहा आठवड्यांत बसतं. त्यामुळे जाण्याआधी त्या संघाचे शेवटचे तीन-चार सामने फक्त आपल्या जागेवरच्या खेळाडूवर नजर ठेवून पाहावेत: चेंडू येण्याआधी तो मागे किती वेळा बघतो, पहिला स्पर्श कुठल्या पायावर घेतो, बाजूचा बचावपटू वर गेला की जागा कोण भरतं. भाषा येत नसेल तर मैदानावर लागणारे दहा-बारा शब्द पाठ करावेत: ‘मागे’, ‘वळ’, ‘एकटा’, ‘थांब’, ‘सोड’. मधल्या फळीत गप्प खेळाडू चालत नाही.

देशाची निवड क्लबच्या नोकरीवरही परिणाम करते, आणि घरच्यांना हे फार उशिरा कळतं. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला खेळायचं तर राष्ट्रीय संघाच्या सामन्यांचा मोठा वाटा मोजला जातो. फिफा क्रमवारीत पहिल्या दहात असलेल्या देशाच्या खेळाडूला ठरलेल्या काळातले ३० टक्के सामने खेळले तरी आपोआप मान्यता मिळते. ३१ ते ५० क्रमांकाच्या देशाला ७० टक्के लागतात. हे आकडे दर हंगामाआधी नव्याने तपासावेत. स्पेनमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंसाठी संघात मोजक्याच जागा असतात. म्हणजे राष्ट्रीय संघ एका देशाचा आणि खिशातला पासपोर्ट दुसऱ्या देशाचा हे कायदेशीर आणि उपयोगी जोडकाम होऊ शकतं. आफ्रिकी देश निवडणाऱ्याने आणखी एक धरून चालावं: आफ्रिका कप बहुतेकदा युरोपचा हंगाम ऐन भरात असताना येतो आणि परतेपर्यंत क्लबमधली जागा दुसऱ्याने घेतलेली असते. क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, पंधरा दिवस आधी बोलावणं आलं असेल तर. आणि बोलावणं नाकारलं, तर तो काळ अधिक पाच दिवस क्लबकडूनही खेळता येत नाही. किरकोळ दुखापतीचं निमित्त सांगून घरी बसणाऱ्यांना ही अट आठवत नाही. राष्ट्रीय संघाकडून खेळताना झालेली दुखापत २८ दिवसांपेक्षा लांबली तर फिफाची योजना क्लबला पगाराची भरपाई देते, त्यामुळे क्लबने भीती घातली तर हेही माहीत असावं.

भारतीय वंशाच्या मुलांचं प्रकरण वेगळं, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. क्रीडा मंत्रालयाच्या २००८च्या धोरणानुसार भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. ते व्हिसाची कटकट वाचवतं, एवढंच. आयएसएलमध्येही (इंडियन सुपर लीग) असा खेळाडू परदेशी म्हणूनच मोजला गेला आहे. बर्मिंगहॅमचा यान धंदा हा इंग्लंडच्या कनिष्ठ संघांतून खेळलेला मिडफिल्डर. भारताकडून खेळायची इच्छा त्याने उघड बोलून दाखवली, पण ब्रिटिश पासपोर्ट आड आला. वाट आहे, पण एकेरी. इझुमी अराता हा जपानमध्ये जन्मलेला, भारतीय वडिलांचा मिडफिल्डर मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून वर्षानुवर्षं खेळला, जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये, तिशीत, भारताकडून उतरला. रायन विल्यम्सची आई मुंबईत जन्मलेली. त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून २०२५ मध्ये भारतीय पासपोर्ट घेतला. त्याआधी तो ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता, त्यामुळे पासपोर्ट हातात आल्यावरही फिफाची मंजुरी हा वेगळा टप्पा होताच.

नागरिकत्व कायद्यात ओसीआय कार्डधारकासाठी कलम ५ खाली तरतूद आहे: कार्ड पाच वर्षं जुनं आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य. सरकार त्यात जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकतं. व्यावसायिक खेळाडूसाठी याचा अर्थ भारतीय क्लबशी करार, आणि सुट्टीत घरी जाण्याचे दिवसही मोजून. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला भविष्यात ही वाट हवी असेल तर ओसीआय कार्ड लहानपणीच काढून ठेवावं. पाच वर्षांचं घड्याळ तिथून सुरू होतं. आणि पंचविशीच्या आत युरोपीय किंवा अमेरिकी पासपोर्ट सोडायचा का, हा प्रश्न एजंटला नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावा. एजंट हस्तांतरणावर जगतो.

गोव्यात उलटं होतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. युरोपच्या क्लबांत त्या पासपोर्टचं मोल मोठं, पण तो स्वेच्छेने घेतला की भारतीय नागरिकत्व संपतं आणि भारतीय राष्ट्रीय संघही. पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाची पात्रता ही पुन्हा स्वतंत्र तपासणी. क्लबसाठी पासपोर्ट घेताना हा हिशेब सतराव्या वर्षी घरात बसून करावा, बाविसाव्या वर्षी बोलावणं आल्यावर नाही.

कागदांबद्दल. नवं नागरिकत्व घेऊन एखाद्या देशाकडून खेळायचं तर चारांपैकी एक नातं दाखवावं लागतं: खेळाडूचा जन्म तिथला, आई किंवा वडिलांचा जन्म तिथला, आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी तिथला, किंवा ठरावीक वर्षांचं वास्तव्य. दहाव्या वर्षाआधी राहायला आलेल्याला तीन वर्षं, त्यानंतर आलेल्याला पाच. नातं जैविकच लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये फिफाने मलेशियाच्या संघटनेला दंड आणि सात खेळाडूंना बारा महिन्यांची बंदी ठोठावली. आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याचे दाखले खोटे निघाले, मूळ नोंदी अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि नेदरलँड्समधल्या होत्या. व्हिएतनामविरुद्धचा ४-० विजय त्यांना पचला नाही. संघटनेचा माणूस ‘कागद आम्ही बघतो’ म्हणाला तरी मूळ नोंदीची प्रमाणित प्रत स्वतः मागवा, कारण शिक्षा खेळाडूलाही होते.

आपल्याकडच्या कुटुंबांत अडचण खोटेपणाची नसते, नावांची असते. आजीचं माहेरचं नाव एका दाखल्यावर, सासरचं दुसऱ्यावर. आजोबांच्या नावापुढे वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचं. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज नोंदींत आणखी वेगळं. अशा वेळी विवाहनोंद, राजपत्रातला नावबदल आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र एकत्र लावावं लागतं. जन्माची नोंदच झालेली नसेल तर उशिरा नोंदीसाठी सरकारी आदेश मिळवण्यात महिने जातात.

आणि अकादमीच्या पहिल्या निवडीपासून एक साधी वही ठेवा. प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी एक ओळ: तारीख, प्रतिस्पर्धी, वयोगट, अधिकृत की मैत्रीपूर्ण, कितव्या मिनिटाला आत, कितव्याला बाहेर, आणि त्या दिवशी कुठकुठले पासपोर्ट हातात होते. राखीव बाकावर बसून मैदानात न उतरलेला सामना मोजला जात नाही, पण ‘राखीव, खेळला नाही’ असं लिहून ठेवावं. सोबत सामन्याची अधिकृत टीम शीट जोडावी, ती त्याच आठवड्यात मागितली तर सहज मिळते.