गिअरच्या एकचाकीला चाक किती इंची घ्यावं?

साध्या एकचाकी सायकलीला चेन नसते. पेडल थेट चाकाच्या आसावर, म्हणजे पायाचा एक फेरा झाला की चाकाचाही एकच. वेग हवा तर पाय भरभर फिरवा, नाहीतर चाक मोठं घ्या. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियन श्लुम्पफ यांनी यावर हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, पोटातच गिअर बसवला. क्रँकच्या (पेडल धरणाऱ्या दांड्याच्या) मुळाशी, आसाच्या टोकाला डोकावणारं बटन टाचेच्या आतल्या बाजूने दाबलं की पायाच्या एका फेऱ्याला चाकाचे साधारण दीड फेरे होतात, हा वरचा गिअर. पलीकडच्या पायाचं बटन दाबलं की पुन्हा एकास एक, हा खालचा.

हब महाग असतो आणि बाहेरून मागवावा लागतो. तो एकदा रिंगमध्ये विणला की नंतर चाकाचं माप बदलणं म्हणजे नवी रिंग, नव्या लांबीचे स्पोक, नवा टायर आणि बहुतेक वेळा नवी फ्रेम. म्हणून माप आधी ठरवायचं.

पायरी 1 : रस्त्याचा सगळ्यात वाईट तुकडा पाहा

बहुतेक जण इथेच चुकतात. वरच्या गिअरला किती पळेल यावरून चाक निवडतात. खरं तर चाक खालच्या गिअरवरून निवडावं. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा पांदण, मुरमाचा चढ, नाल्यावरचा रपटा, शाळेसमोरचा गतिरोधक हे सगळं तुम्ही एकास एकवरच पार करणार आहात. तिथे जे चाक झेपत नाही, ते वरच्या गिअरच्या कौतुकासाठी घेऊ नये.

काळ्या मातीचे दोन त्रास वेगवेगळे आहेत. उन्हाळ्यात पांदणात भेगा पडतात आणि ट्रॅक्टर-बंडीची चाकोरी वाळून दगडासारखी होते. आडव्या खड्ड्यावर मोठं चाक कामी येतं. 15 सेंटिमीटर रुंदीच्या खाचेत 24 इंची चाक सुमारे 9 मिलिमीटर खाली जातं, 29 इंची साडेसात आणि 36 इंची जेमतेम 6. वरच्या गिअरमध्ये हाच धक्का पायाला दीडपट जाणवतो. पण भेग तुमच्या दिशेनेच पळत असेल तर चाकाच्या उंचीचा काही उपयोग नाही, तिथे टायरची रुंदीच वाचवते.

पावसाळ्यात पांदणावर जाऊच नका. चिकणमाती टायरला थरावर थर चढते, फ्रेमच्या कमानीत अडकते आणि चाक जाम होतं. दोनचाकीवर अशा वेळी माणूस पाय टेकतो. एकचाकीवर तो तोंडावर पडतो.

पायरी 2 : अंगणात चाक मोजा

कंपनीच्या आकड्यापेक्षा खडूची रेघ खरी. टायरच्या वॉल्व्हसमोर जमिनीवर रेघ ओढा, सीटवर वजन देऊन चाक एक फेरा पुढे घ्या, दुसरी रेघ ओढा, मधलं अंतर मोजा. वजन पडल्यावर टायर दबतो, त्यामुळे अंतर थोडं कमीच भरतं. ढोबळ हिशोबासाठी खालचे आकडे पुरेत. मिनिटाला 90 फेरे, म्हणजे जमलेल्या चालकाचा सहज वेग धरला आहे.

24 इंच : एकास एकला ताशी 10 किमी, वर साडेपंधरा.
26 इंच : 11 आणि 17.
29 इंच : साडेबारा आणि पावणेएकोणीस.
36 इंच : साडेपंधरा आणि 23.

वेगासोबत पडण्याचाही विचार करा. एकचाकीवरून तोल गेला की माणूस पुढे उतरतो आणि त्याच वेगाने चार-सहा पावलं पळत सावरतो. ताशी पावणेएकोणीस म्हणजे 100 मीटर 19 सेकंदांत, एवढं निरोगी माणूस धावून घेतो. 23 म्हणजे साडेपंधरा सेकंद, आणि तेही तयारी नसताना, बूट घसरत असताना. गिअरच्या 36 इंचीवर हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि गुडघ्याचे पॅड नसतील तर बसू नये.

पायरी 3 : हब घेण्याआधी त्याची चव घ्या

ही युक्ती फार थोडे लोक वापरतात. पायाला जड लागतं ते चाकाची त्रिज्या भागिले क्रँकची लांबी या हिशोबाने, आणि वरच्या गिअरमध्ये त्याला दीडने गुणायचं. 29 इंचीची त्रिज्या 368 मिलिमीटर. 150 मिलिमीटरचा क्रँक लावला तर वरच्या गिअरमध्ये 3.68 येतात. आता बिनगिअरच्या 29 इंचीला 100 चा क्रँक लावा. तिथेही 3.68 च.

म्हणजे आखूड क्रँकच्या एका जोडीत वरच्या गिअरचा जोर आधीच कळतो. वेग मात्र कळत नाही, आणि गिअरच्या दात्यांमधली ढिलाईही नाही. वरच्या गिअरमध्ये पाय मागे रेटताना पेडल आधी किंचित रिकामं फिरतं, मग पकडतं. नव्या माणसाचा तोल नेमका तिथे जातो.

रोजच्या रस्त्यावर, वाऱ्याच्या दिवशीसुद्धा, या आखूड क्रँकवर दहा किलोमीटर न उतरता गेलात तर 29 घ्या. चढावर वारंवार उतरावं लागलं तर 26 कडे या. 26 ला 150 चा क्रँक असेल तर हाच आकडा 3.3 येतो, आणि तो फरक चढावर चांगला जाणवतो.

पायरी 4 : पायाची लांबी

भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक जांघेत घट्ट धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. या मापात चाकाची त्रिज्या, क्रँक आणि टायरच्या वर फ्रेम-सीटचे किमान वीसेक सेंटिमीटर मावले पाहिजेत. 29 ला 72 सेंटिमीटरच्या आसपास लागतात, 36 ला 80. यापेक्षा पाय आखूड असेल तर विषय संपला, सीट आणखी खाली जात नाही.

पायरी 5 : टायर कुठे मिळणार?

बाभळीचा काटा चाकाचं माप विचारून घुसत नाही. 26 इंची माउंटन सायकलचा टायर तालुक्याच्या दुकानात मिळतो. 29 साठी जिल्ह्याला जावं लागेल. 36 चा टायर बाहेरून मागवा आणि वाट बघा. 36 मध्ये 29 ची जाड ट्यूब ताणून बसवता येते, एवढाच दिलासा.

दुकानात इंच सांगू नका, टायरच्या बाजूवर छापलेला मिलिमीटरचा आकडा दाखवा. 29 इंची म्हणजे 622. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीचा 28 इंची टायर 635 चा असतो. नावाने लहान, प्रत्यक्षात मोठा, 622 च्या रिंगवर तो ढिला पडतो. तीच गत 26 ची : माउंटनचा 559, लेडीज सायकलचा बहुतेक वेळा 590.

मुरूम आणि वाळूचा रस्ता जास्त असेल तर आणखी एक वाट आहे. साडेसत्तावीस इंची, म्हणजे 584 च्या रिंगवर 3 इंची रुंद टायर. बाहेरून उंची जवळजवळ 29 एवढीच भरते, म्हणजे वेग तोच, पण गादी जाड. फक्त फ्रेमची कमान तेवढी रुंद हवी. टायरच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट राहिली पाहिजे.

एकाच टायरवर सगळं वजन असल्याने सव्वादोन इंची टायरला 35 ते 45 पौंड हवा ठेवा. मे महिन्यात सकाळी घरात भरलेली हवा दुपारच्या डांबरावर तीन-चार पौंडांनी वाढते, म्हणून सकाळी थोडी कमीच भरा.

पायरी 6 : ठरवा

वर्धा-सेवाग्रामसारखा सपाट डांबरी रस्ता, मध्ये थोडा पांदण : 29, क्रँक 137 किंवा 150. बहुतेकांना हेच पुरतं. घाटाजवळ राहता, परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढायचं आहे : 26, क्रँक 150. महामार्गाच्या कडेने लांबचा पल्ला, पाय लांब आणि सराव बराच : 36. यवतमाळच्या टेकाडांत 36 घेऊ नका, हर चढाला उतरून पुन्हा चढण्यात दिवस जाईल. 24 चा वरचा गिअर बिनगिअरच्या 36 एवढाच पळतो, पण चाक लहान असल्याने प्रत्येक खडा जाणवतो. सामान ठेवायला जागा कमी असेल तरच तो घ्या.

ब्रेक हवाच. वरच्या गिअरमध्ये पायाने रोखण्याचा जोर दोन तृतीयांशावर येतो. घाट उतरताना गिअर खालचा ठेवा, ब्रेक थोडा थोडा दाबा आणि रिंग हाताला चटका देऊ लागली की थांबा.

हब मागवताना फ्रेमच्या बेअरिंग-घराचं माप आणि रिंगची भोकं मोजून लिहा. चाक विणून आलं की पहिल्या आठवड्यात स्पोक ढिले होतात. तेवढ्यात एकदा रिंगचा आउट काढून घ्या, आणि कारागिराला सांगा की हबवरचा फ्रेमला धरून राहणारा अडसर सुटता कामा नये. तो सुटला तर चाकाऐवजी गिअरच आत फिरतो.