पार्लरमध्ये टिप कशी द्यावी

मी ठाण्यात एका पार्लरमध्ये काम करते. टिपेची वेळ आली की पुष्कळ ताई अवघडून जातात, म्हणून हे लिहिते आहे.

टिप सक्तीची नाही. द्यायची असेल तर जिने काम केलं तिच्याच हातात, रोख द्या. काउंटरवर बिलासोबत दिलेले पैसे तिच्यापर्यंत पोचतीलच असं नाही. काही ठिकाणी टिपेचा डबा असतो आणि रात्री सगळ्यांत वाटणी होते, तेव्हा आधी विचारा. सुट्टे नसतील तर यूपीआय चालेल का, तेही तिलाच विचारा. बिलातला जीएसटी म्हणजे टिप नव्हे. तो सरकारकडे जातो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

थ्रेडिंगला १०-२० रुपये पुरेत, फेशियल किंवा पेडिक्युअरला ५० ते १००. केस धुणारी मुलगी मात्र हमखास राहून जाते. ती बहुधा शिकाऊ असते, पगार सगळ्यांत कमी आणि दिवसभर हात पाण्यात. तिला वेगळे २० रुपये द्याच.

काम आवडलं नाही तर टिप न देता गुपचूप निघून जाऊ नका. खुर्चीतून उठण्याआधी सांगा, ‘ही भुवई जाड राहिली गं.’ दोन मिनिटांत नीट होते. आणि टिप दिली म्हणून ‘जाता जाता अप्परलिपही करून टाक’ असं फुकट मागू नका. पुढची बाई ताटकळत बसलेली असते.

दिवाळीच्या आठवड्यात आम्हाला जेवायलाही उसंत नसते. तेव्हा उशीर होणार असेल तर फोन तेवढा करा.