मुठीची पुढची कड आधी

सुरीच्या लाकडी मुठी करून झाल्यावर मायकार्टा किंवा जी-१०कडे वळणाऱ्यांसाठी हे लिहितेय. कानस कशी धरायची हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मायकार्टा म्हणजे फिनॉलिक राळेत दाबलेले कॅनव्हासचे, लिननचे किंवा कागदाचे थर. जी-१०मध्ये काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी राळ. आपल्याकडे इलेक्ट्रिकल सामानवाल्याकडे हायलम किंवा बेकेलाइट शीट मागितली तर मायकार्टाच्याच जातीचा माल मिळतो. कापडाची की कागदाची, ते विचारून घ्या.

जी-१०ची धूळ म्हणजे बारीक काच. तोंडाला रुमाल बांधून घासणार असाल तर कामाला हातच लावू नका. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढीवर तो बसत नाही. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा घासायचा पेपर घ्या, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाका आणि ओलंच घासा. खाली साचलेला गाळ ओल्या फडक्यानेच पुसा. वाळल्यावर झाडू मारलात तर सगळं परत हवेत.

आता मी जिथे अडकले ते. मूठ म्हणजे पोलादाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या दोन पट्ट्या. त्यांची पात्याकडची कड, म्हणजे जिथे मूठ संपून पोलाद सुरू होतं ती, चिकटवण्याआधी पूर्ण करायची. पूर्ण म्हणजे आकार, उतार, ६०० नंबरपर्यंतचा पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), सगळं. मला वाटलं, बाकीच्या मुठीबरोबर तीही होईल. अरल्डाइट, म्हणजे इपॉक्सीचा गोंद, वाळल्यावर तिथे पेपर घालायला जागाच उरली नव्हती. आइस्क्रीमच्या काडीला पेपर गुंडाळून घासायला गेले आणि पात्यावर आडवे ओरखडे उठले. ते काढायला पातं २२० पासून पुन्हा घासलं, तर पट्टीची कड झिजून पोलादाशी बारीक खाच पडली. शेवटी छिन्नीने दोन्ही पट्ट्या उचकटल्या. तीन रविवारांचं काम गेलं, आणि त्या रात्री मला खरंच रडू आलं.

म्हणून दोन्ही पट्ट्या पितळी पिनांवर कोरड्याच एकत्र अडकवा, शिकंज्यात धरा, दोन्ही कडा एकदमच घासा. तरच त्या जुळतील. चिकटवताना आतली गुळगुळीत बाजू ८०च्या पेपरने खरवडा, आणि क्लॅम्प इतका आवळू नका की गोंद सगळा बाहेर येईल. कडेला आलेला गोंद ओला असतानाच स्पिरिटच्या कापसाने पुसा. एवढं केलंत तर पुढचं काम संथ आहे, पण अवघड नाही.

उरलेल्या आकारासाठी अर्धगोल कानस पुरते. जी-१० कानशीचे दात लवकर खातो, तेवढी तयारी ठेवा. मायकार्टा गोलावताना थरांच्या रेषा नकाशातल्या समोच्चरेषांसारख्या उघड्या पडतात. दोन्ही बाजूंच्या रेषा सारख्या दिसल्या की मूठ सारखी झाली. मोजपट्टीपेक्षा माझा यांच्यावर जास्त भरवसा आहे.

बेल्ट मशीनवर पटकन उरकायचा मोह होईल. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या पाच मुठी हातानेच करा. मशीनवर पितळी पिना तापतात आणि भोवतीचं इपॉक्सी मऊ पडतं. शिकवणाऱ्यांबद्दलही सांगते. जो तुमच्या हातातून सुरी काढून स्वतः घासून देतो, त्याच्याकडे फार दिवस राहू नका. मी ज्यांच्याकडे शिकले ते काका कडेवर नख फिरवायचे, जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण करायचे आणि सुरी परत माझ्या हातात द्यायचे.

पेपरचे नंबर गाळू नका. १२०चा ओरखडा ४०० वर जात नाही. तेल लावल्यावर तो नेमका वर येतो. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे उरलेत का ते दिसेल. स्वयंपाकाच्या सुरीची कॅनव्हासची मूठ मात्र ओल्या हाताने धरून बघा. निसटत असेल तर ३२० वर परत या.