घरच्या सुरीला धार लावताना

घरातल्या एक-दोन सुऱ्यांसाठी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांतून दोन बाजूंचा, म्हणजे एकीकडे खरखरीत आणि दुसरीकडे मऊ असा, धार लावायचा दगड आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फटीतून सुरी ओढायचे छोटे धारयंत्र सोपे वाटते. पण ते कडेचा धातू ओरबाडून काढते आणि ती धार फार टिकत नाही. फिरत्या चाकावर पाते तापून निळसर झाले, तर तेवढ्या भागातले पोलाद मऊ पडते.

दगड दहा मिनिटे पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. खरे कौशल्य कोन राखण्यात आहे: पाते ३ सेंटिमीटर रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून साधारण १ सेंटिमीटर उचललेली असेल, तर कोन २० अंशांच्या आसपास येतो. एका बाजूने घासत राहिल्यावर दुसऱ्या बाजूला, कडेपासून बाहेरच्या दिशेने अंगठा हलकेच फिरवला असता, बारीक खरखरीत कंगोरा जाणवतो. तो टोकापासून मुठीपर्यंत सलग लागल्याशिवाय बाजू बदलू नये. शेवटी मऊ बाजूवर दोन्हीकडून हलके हात देऊन हा कंगोरा काढावा. रोजच्या वापरात धार किंचित मंदावली, तर चिनी मातीचा कप उपडा करून त्याच्या तळाच्या बिनचकाकीच्या कडेवर पाते चार-पाच वेळा फिरवले तरी पिकलेला टोमॅटो न दबता चिरता येतो.