गुप्तांगावरचे कोंब: लेसरच्या आधी आणि नंतर या चुका टाळा

गुदद्वाराजवळ मऊ, फुलकोबीसारखे कोंब दिसले की आपल्याकडे लोक परस्पर ‘मूळव्याध’ ठरवून मोकळे होतात. मग बिब्ब्याचा चटका, नाही तर चुना-सोडा. एचआयव्ही असलेल्या, किडनी प्रत्यारोपण झालेल्या किंवा बरेच दिवस स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाला हा उद्योग फार महागात पडतो. जखम चिघळते आणि कोंब जिथल्या तिथे. बहुतेकदा हे एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे आलेले चामखीळ असतात.

खरी मोठी चूक मात्र दवाखान्यात होते: तुकडा न तपासता थेट जाळणे. कार्बन डायऑक्साइड लेसर कोंबाची वाफ करतो, मग तपासायला उरणार काय? प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत १६, १८ हे कर्करोगाशी जोडलेले प्रकारही सोबत असू शकतात. त्यामुळे कोंब काळपट, कडक, रक्त येणारा, भराभर वाढणारा किंवा औषधाला न जुमानणारा असेल तर आधी बायोप्सी करा म्हणावं. सिफिलिस (गरमी) ओळखणारी रक्ताची व्हीडीआरएल तपासणीही हवीच. सिफिलिसमध्ये याच जागी चपटे, ओलसर उंचवटे येतात आणि ते पेनिसिलिनने जातात. तिथे लेसरचं काही काम नाही. एचआयव्ही असलेल्या बाईने २५ व्या वर्षापासून गर्भाशयमुखाची तपासणी सुरू करावी, कोंब असोत वा नसोत.

‘एकदा लेसर केला की सुटलो’ हाही गैरसमजच. लेसर दिसतं तेवढं काढतो, विषाणू आजूबाजूच्या कातडीत राहतो. म्हणून काही ठिकाणी नंतर प्रकाश पडल्यावर काम करणारं एएलए नावाचं औषध लावून, काही तासांनी ६३५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश देतात. प्रकाश देताना चांगलीच आग होते, वेदनाशामकाचं आधीच विचारा. ही सोय सगळीकडे नाही, नागपूरची बस धरण्याआधी फोन करा. तोवर हातावर हात धरून बसू नका. गोठवणे, कॉटरी (विजेच्या उपकरणाने जाळणे) हेही चालते.

पुन्हा आले तर? बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच येतात. मशीनला दोष देण्याआधी गोळ्या मोजा. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा कामाला बाहेरगावी गेल्यावर एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, हमखास चुकते. उलट, ‘प्रतिकारशक्ती वाढेल’ म्हणून प्रत्यारोपणाच्या गोळ्या मनानेच कमी केल्या तर किडनीच जाऊ शकते.

जखमेवर हळद, राख काही नको. कोमट पाण्यात बसा. भरेपर्यंत संबंध टाळा, पुढे कंडोम वापरा, पण तो पूर्ण संरक्षण देत नाही. एचपीव्हीची लस आलेले कोंब घालवत नाही. लेसरच्या धुरातही विषाणूचे अंश असतात, धूर ओढणारं यंत्र आहे का हे बेधडक विचारा.

एचआयव्ही किंवा प्रत्यारोपणाची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका, उपचार त्यावरच ठरतो. गावात बोलायची सोय नसेल तर सरकारी दवाखान्यातलं लैंगिक आजारांसाठीचं सुरक्षा क्लिनिक आहे, आणि एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक.