कॉल-एसएमएस करणारा मायक्रोकंट्रोलर : लायब्ररी नंतर, आधी हाताने टाईप करा

जीएसएम मॉड्यूल (सिम टाकून मोबाईल नेटवर्कवर कॉल-एसएमएस करणारं छोटं सर्किट) हातात आलं की नवीन लोक नेटवरून लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, उतरवतात, नंबर टाकतात, अपलोड करतात आणि मग एसएमएस का जात नाही म्हणून डोकं खाजवत बसतात. माझं म्हणाल तर सुरुवातीला लायब्ररीला हातच लावू नका.

आणि त्याच्याही आधी सप्लाय बघा. सिम८००एल या जीएसएम मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि सिग्नल पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं, म्हणजे अर्डुइनोची (आपला मायक्रोकंट्रोलर बोर्ड) ५ व्होल्टची पिन जास्त होते आणि ३.३ ची पुरत नाही, त्यामुळे वेगळा सप्लाय द्या, मॉड्यूलला चिकटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ग्राउंड मात्र कॉमन. मॉड्यूलवरचा एलईडी सेकंदाला साधारण एकदा लुकलुकला तर नेटवर्क शोधतोय, तीन सेकंदांनी एकदा म्हणजे मिळालं. शोधता शोधता परत पहिल्यापासून सुरू होत असेल तर लोक सिमला शिव्या देतात, पण बहुतेक वेळा व्होल्टेज पडत असतं.

आता अर्डुइनोत फक्त कॉम्प्युटरकडचं मॉड्यूलला आणि मॉड्यूलचं कॉम्प्युटरला पाठवणारं छोटं स्केच (प्रोग्राम) टाका आणि सिरियल मॉनिटरवर, म्हणजे अर्डुइनो सॉफ्टवेअरमधल्या टाईप करायच्या खिडकीत, मॉड्यूलच्या 'एटी' कमांड स्वतः टाईप करा. 'एटी' ला 'ओके' आलं पाहिजे. सिग्नल किती आहे ते विचारणाऱ्या 'एटी+सीएसक्यू' ला ० ते ३१ मधला आकडा येतो, १० च्या खाली असेल तर अँटेना बघा, ९९ म्हणजे सिग्नल कळतच नाहीये. मग 'एटी+सीएमजीएफ=१' ने टेक्स्ट मोड, एसएमएस पाठवणाऱ्या 'एटी+सीएमजीएस' ला नंबर दिला की > असं चिन्ह येतं, मेसेज लिहायचा आणि शेवटी कंट्रोल-झेड, म्हणजे आस्की (अक्षरांचे आकडी कोड) मधला २६. हा २६ गेला नाही तर मॉड्यूल नुसतं वाट बघत राहतं. सिरियल मॉनिटरमधून तो सरळ पाठवता येत नाही, म्हणून माझ्या स्केचमध्ये # आलं की २६ पाठव असं करून ठेवलंय. कॉलला 'एटीडी', नंबर आणि शेवटी अर्धविराम (;), तो विसरलात तर मॉड्यूल बोलण्याच्या कॉलऐवजी डेटा कॉल समजतं. कट करायला 'एटीएच'.

हे सगळं हाताने जमलं की कोड सोपा आहे, फक्त प्रत्येक कमांडनंतर डिले (ठराविक वेळ थांबणं) टाकून आशेवर राहू नका, उत्तर वाचा आणि मगच पुढे जा, कारण नेटवर्क कधी पटकन उत्तर देतं तर कधी चांगलाच वेळ खातं. मराठीत मेसेज पाठवायचा असेल तर युसीएस२ हे अक्षरांचं एन्कोडिंग वापरावं लागतं आणि १६० ऐवजी ७० च अक्षरं बसतात, जोडाक्षरं तर त्यातली बरीच खातात.

आणि हो, हे मॉड्यूल फक्त २जी वर चालतं, तुमच्या नेटवर्कवर २जी बंद झालं असेल तर ए७६७० सारखं ४जी वालं घ्या, वरच्या बहुतेक कमांड त्यावरही चालतात.